गोड पाण्याचे दोन तास

पेल्यातलं गोड पाणी आम्रपालीनं नाक दाबून संपवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. बरोबर दहा वाजले होते. धनश्री सिस्टरनं वहीत वेळ टिपली. गरोदरपणात शुगर वाढलीय का ते दोन तासांनी बोटाचं रक्त घेऊन बघू; पण अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर आकडा खोटा येतो, लपवू नका, उद्या पुन्हा यायचं, असं तिनं बजावलं. हे ती उपकेंद्रात येणाऱ्या सगळ्याच बायांना सांगायची. आम्रपालीला मात्र ते नेमकं जाऊन टोचलं.

मागच्या खेपेला तिनं लपवलं होतं. इथंच, हेच पाणी पिऊन दहा मिनिटांत ती मागच्या भिंतीआड जाऊन ओकली होती आणि तोंड पुसून गुपचूप बाकावर सासूशेजारी येऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी भाऊ न्यायला येणार होता, माहेरी चोळी-बांगडीचा कार्यक्रम ठरला होता. ते सोडून परत इथं कोण येणार? शुगर नॉर्मल निघाली. नवव्या महिन्यात सव्वाचार किलोचं, गुटगुटीत लेकरू जन्मलं ते मेलेलंच. दृष्ट लागली, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला ठरवायला कितीसा वेळ लागतो! आम्रपाली मात्र दोन वर्षं रोज मनानं त्या भिंतीआड जाऊन येत होती.

आज तिला बसवेना. दारापर्यंत जायची, परत यायची. बाकावर तिच्या सासूबाई सरूबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांचीही चुळबूळ चालली होती. एरवी एका बैठकीत पायलीभर शेंगा फोडणारी बाई, पण आज पिशवीचा बंद सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. सून भिंतीकडं वळली की त्या अर्ध्या उठत, ती परतली की टेकत. एवढी पाळत कशाला ठेवतात, म्हणून आम्रपाली मनातल्या मनात चिडली.

सव्वादहाला पोटातून उमासा आला. तिनं पदर तोंडात कोंबला, डोळे मिटले आणि दात आवळून उभी राहिली. घामानं पाठ भिजली. साडेदहा वाजले तेव्हा पाणी पोटातच होतं.

बाराला सिस्टरनं बोट टोचलं. यंत्रावर एकशे बहात्तर आकडा आला. एकशे चाळीसच्या वर म्हणजे शुगर वाढलेली, सिस्टरनं सांगितलं; सापडली नाही तर बाळ पोटात फुगतं, दगावूही शकतं; पण ही वेळेत सापडली, घाबरू नका, डॉक्टरांना दाखवायचं, खाणं सांभाळायचं. मग मागचं कार्ड उलटत तिनं सहज विचारलं, तेव्हा तर नॉर्मल होती ना?

हो म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण याही लेकराला असंच खोटं बोलून घरी न्यायचं? आम्रपालीला स्वतःची किळस आली. सासूकडं न बघता ती बोलली.

"तवा मी ओकले व्हते, सिस्टर. भिंतीमागं. कुनाला सांगितलं न्हाई."

सिस्टरनं कार्ड मिटलं. आता सासू काय म्हणते, या भीतीनं आम्रपालीचे कान तापले. घरी गेल्यावर नवऱ्यासमोर याचा पाढा वाचला जाणार, हे ती धरूनच चालली होती.

सरूबाई उठल्या नाहीत. पिशवी मांडीवरून घसरली, तीही त्यांनी उचलली नाही.

"म्या बघितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी कापूस येचायला बाया सांगितल्या व्हत्या. परत यावं लागंल म्हनून त्याच्यावर माती म्याच लोटली."