कंबरेचं माप, मोठ्यानं

मी बेबाबाईंची टेप बोलतेय. खरं तर मी बोलायला नको. बायकांचं माप दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या दोंडाईच्याच्या शिवणदुकानाचा नियम. आज तो मोडतेय.

मी पिवळी, प्लॅस्टिकची. वापरून वापरून माझे पहिले आकडे पुसले गेलेत, पण बेबाबाई ते बोटानं ओळखतात.

शेजारची भूमिका दहावीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात ती चढाई करायची. गेल्या वर्षी तिच्या कंबरेभोवती मी दर वेळी थोडी जास्त लागू लागले. मानेवर काळसर पट्टा आला. तो झाकायला ती ओढणी गच्च गुंडाळायची.

पोरीला वाईट वाटू नये म्हणून बेबाबाई आकडा उच्चारायच्याच नाहीत. गुपचूप शिलाई उसवून आत दाबलेलं कापड सोडायच्या. युनिफॉर्म नेहमी बसायचा, त्यामुळे घरात कुणाला काही कळलंच नाही.

पण कबड्डीची जर्सी तयार आली. तिची शिलाई कोण सोडणार? ती बसेना. 'गुडघा दुखतो' असं सांगून भूमिकानं खेळ सोडला. दुकानात येऊन मात्र खूप रडली.

"मावशी, कितीतरी महिने माझी पाळीच आली नाही."

हे घरी कळल्यावर तिची आत्या ताईबाई म्हणाली, "लगीन लाई द्या, बठ्ठं ठीक व्हई जाई." म्हणजे लग्न लावलं की सगळं ठीक!

"आधी डॉक्टर!" बेबाबाई म्हणाल्या. मला पिशवीत टाकून त्या भूमिका आणि तिच्या आईबरोबर धुळ्याला निघाल्या.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "कंबर कधीपासून वाढतेय?"

आई बेबाबाईंकडे पाहू लागली. बेबाबाईंनी मान खाली घातली. "मले ठाऊक शे, मॅडम. पण मी कोनले सांगं नही."

तपासण्या झाल्या. मग मॅडमनी समजावलं, "हा पीसीओएस, हार्मोन्सची गडबड. शरीरात इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याचं नीट ऐकत नाही. म्हणून ते आणखी वाढतं, मान काळवंडते, पाळी बिघडते, साखर चढू लागते. आत मंद दाहही चालू राहतो. बाळा, यात तुझी चूक नाही. औषध घे, नीट जेव, आणि कबड्डी कशाला सोडलीस?"

भूमिका पहिल्यांदा हसली.

ती पुन्हा मैदानात उतरली. हळूहळू रक्तातली साखर आटोक्यात आली. एके दिवशी धावत येऊन तिनं बेबाबाईंच्या कानात सांगितलं, "मावशी, आली!" कंबर थोडीच उतरली होती, पण धुळ्यातल्या जिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिनं एकाच चढाईत तिघींना बाद केलं.

आज संघाच्या नव्या जर्स्या आमच्याकडे शिवायच्या आहेत. दुकान मुलींनी भरलंय. मी भूमिकाच्या कंबरेभोवती फिरले आणि बेबाबाई सवयीनं कुजबुजल्या.

"मावशी, मोठ्यानं सांग ना!"

बेबाबाईंनी आकडा मोठ्यानं सांगितला. कुणीच हसलं नाही. पुढची मुलगी म्हणाली, "आता माझं! मोठ्यानं हं!"

तुमच्या घरातली एखादी मुलगी अशीच मान झाकून, खेळ सोडून बसली असेल, तर तिला जवळ घ्या आणि एवढंच विचारा, की बाळा, तुझी पाळी...

"बेबा, टेप कोठे शे?" दारातून ताईबाईचा आवाज आला. "मनं बी माप ले!"