कमळाच्या फ्रॉकातली लेस

उमाजीला एक खोड होती. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं न चढतं तोच तो "होऊन जाईल" म्हणून मोकळा व्हायचा. बल्लारपूरला कागदाची मिल आली तसा हा गडी वर्धेकाठचं घरचं मासेमारीचं काम सोडून शिलाई शिकला, मशीन घेतली. तेव्हापासून मशीनवर होणार नाही असं काम जगात नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

म्हणून सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात इंदुताईंनी लोकरीचा लाल फ्रॉक पुढे ठेवला, तेव्हाही उचलली जीभ लावली टाळ्याला. "होऊन जाईल, बाई."

"नीट पाहा, उमाजीभाऊ," इंदुताई म्हणाल्या. "माह्या पोरीनं इनला हा. कमळा दोन वर्साची होती तवा. आपण वाचत नाई हे तिले समजलं होतं, म्हणून मुद्दाम मोठा इनला. चार हिवाळे पुरला. आता छातीत बसत नाई, डोक्यातूनई जात नाई. पन पोरगी दुसरं काई अंगाले लावू देत नाई."

सहा वर्षांची कमळा आजीच्या पदराआडून फ्रॉकवर नजर ठेवून होती. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. तिच्याजवळ आईचं म्हणून एवढंच होतं.

समोर गळ्यापासून घेरापर्यंत मधोमध कापायचं आणि तीन बोटं रुंद पांढरी लेस घालायची, असं ठरलं. इंदुताई गेल्या आणि उमाजीने फ्रॉक उलटा केला. शिवण कुठेच नाही. चार सुयांवर गोल विणलेला, अखंड. उसवून वाढवावं अशी जागाच नव्हती; कात्री थेट विणीतच घालावी लागणार.

नशीब, आधी आपला जुना मफलर कापून पाहायची अक्कल त्याला सुचली. कात्री फिरली आणि कडेचे फासे एकेक करून सुटायला लागले. घाईघाईने मशीनवर लेस जोडली, तर मफलर कारल्यासारखा चुरमडला. ताणून पाहिला, तर टाके तटतट तुटले. फ्रॉकचं असं झालं तर? गेलेलं माणूस पुन्हा विणायला येतं थोडंच! नाक कापलं गेलं तरी चालेल, पण फ्रॉक आहे तसा परत करायचा, असं त्याने ठरवलं.

मागच्या पडवीत त्याची बायको गोकुळा भावाचं फाटकं जाळं सांधत बसली होती. उमाजीला त्या जाळ्याचा भारी तिटकारा. शिलाईच्या दुकानात मासळीचा वास कशाला, म्हणून रोज कुरकुरायचा. आज मात्र मफलर घेऊन मुकाट तिच्याजवळ जाऊन बसला.

गोकुळाने मफलर ताणला, सोडला, आणि हसली. "हे तर जाळंच होय जी. तुमी याले कापडावानी धरलं."

"मंग?"

"जाळ्यातला फाटका तुकडा काढाच्या आधी काय करतेत? ढिवराचे पोर ना तुमी?"

उमाजी ओशाळला. आधी फाटक्या भागाभोवतालचे जाळ्याचे डोळे बांधून घ्यायचे, मग मधलं कापायचं. हे त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून माहीत होतं.

"आन् काठाच्या दोरीले जाळं ताणून बांधलं, तर मासा आदळला का फाटते. ढील सोडा लागते. इथी लेस काऊन ताणून लावली?"

तिने राखेने हात घासून धुतले, हुंगून पाहिले, पुन्हा धुतले, आणि फ्रॉक मांडीवर घेतला. पुढचे दोन दिवस उमाजी मशीनकडे कमी आणि तिच्या बोटांकडे जास्त पाहत होता. मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांनी तिने बारीक धागा घातला, एकही फासा न गाळता. दर चार टाक्यांनी लोकर ताणून पाहायची. धागा लोकरीबरोबर जायचा आणि परत जागेवर यायचा. काय हात होते! दहा वर्षं त्या हातची भाकर खाल्ली आणि ते हात कधी पाहिले नाहीत, याची उमाजीला मनापासून लाज वाटली.

मग ती म्हणाली, "कात्री तुमची. तुमी कापा."

"आन् फासे सुटले तर?"

"मी बांधलं हाय. सुटनार नाई."

उमाजीने दोन धाग्यांमधून कात्री नेली. एक फासा सुटला नाही. गोकुळाने कडा आत मुडपल्या, लेस लांबीला चार बोटं जास्त घेतली आणि तो ढिलेपणा सगळीकडे सारखा वाटत, तिरप्या टाक्यांनी जोडली.

इंदुताई आल्या. कमळाने हात वर केले. फ्रॉक डोक्यावरून खाली सरकला आणि मध्येच अडला. उमाजीची पाचावर धारण बसली. मग गळा ताणला गेला आणि विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. पोर वाकली, उकिडवी बसली, उड्या मारल्या. टाका हलला नाही.

"भाऊ, तुमच्या हाताले तोड नाई!"

"माहा हात नोहे, बाई," उमाजी म्हणाला. "गोकुळाचा होय. मले तर जमतच नोहतं."

कमळा मात्र लेसवर बोट फिरवत उभी होती. "माह्या मायचं किती काढलं?" तिने विचारलं.

गोकुळा तिच्यासमोर खाली बसली. "काईच नाई काढलं, बेटा. कापलं ते आत मुडपलं हाय. मायनं जेवढं इनलं, तेवढं समदं इथीच हाय."

कमळाने घेर उलटून आत पाहिलं. मुडपलेली कड चाचपली. मग मान डोलावली.

इंदुताईंनी गोकुळाचे दोन्ही हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.