स्वच्छ काठाची खाच

माघातलं कोवळं ऊन गोविंदपुऱ्यातल्या आमच्या कारखान्याच्या उंच खिडकीतून उतरायचं, आणि त्या उजेडात पोलादाची पट्टी डोळ्यांसमोर तिरपी धरून उभ्या असलेल्या सुनंदाताई मला आजही दिसतात. पट्टीवर केसासारखी बारीक खाच असे. ताप उतरला का हे पाहावं, तितक्या हलक्या बोटाने त्या तिचा काठ चाचपत.

लेझरच्या खोलीत मी त्यांच्या हाताखाली नवीन होते. क्षणाच्याही अतिसूक्ष्म अंशात चमकून विझणाऱ्या प्रकाशस्पंदांनी धातू कोरायचा, हे आमचं काम. खाच सुरेख उमटे, पण वेळ फार लागे. जोर वाढवला, की काठ करपत. मालक दारातूनच म्हणत, "मॅडम, ऐसे नहीं चलेगा. मशीन बेचनी पड़ेगी." ताई पुढची पट्टी यंत्रात बसवत. आनंद नगरच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि इथे हे यंत्र, एवढंच त्यांचं जग. बाकीचं आयुष्य हिवाळ्यातल्या तलावासारखं धूसर, निश्चल.

मग त्यांनी एका मोठ्या स्पंदाची ऊर्जा लहान लहान स्पंदांच्या झुपक्यात वाटून पाहिली. सुरुवातीला खाच अधिकच उथळ आली. "पहिल्या स्पंदाने उडवलेली वाफ पुढच्याला अडवतेय, मंजू," त्या म्हणाल्या. "दोघांमधलं अंतर बदलून बघू." कितीतरी आठवडे त्या ते अंतर जुळवत राहिल्या, तंबोरा लावणाऱ्याच्या एकाग्रतेने. आणि एका दुपारी तेवढ्याच ऊर्जेत कितीतरी अधिक धातू निघाला, काठही निर्मळ राहिला. मी टाळ्या वाजवल्या. ताईंनी फोन उचलला, क्षणभर हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. "बाबांना फोनवर ऐकू येत नाही," त्या हसून म्हणाल्या, "आणि दुसऱ्या कुणाला सांगावं, तेच सुचत नाहीये."

त्या यशामुळेच मालकांच्या पुण्याच्या कारखान्याला मोठं काम मिळालं, आणि यंत्र तिकडे हलवायचं ठरलं. ताईंनाही बोलावणं आलं. "तू जा, सुनू. मी राहीन इथं," वडील म्हणाले. कसे राहणार होते ते? ताईंनी नकार कळवला आणि मला मात्र हट्टाने पाठवलं. मला सोडायला हबीबगंज स्टेशनवर आल्या. स्टेशनाचं नाव बदललं होतं, त्यांच्या तोंडातलं बदललं नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्यांची नजर घड्याळाकडे होती. वडिलांच्या औषधाची वेळ झाली होती.

मागच्या पावसाळ्यात वडील गेले. मी फोनवर म्हटलं, "ताई, आता तरी या." मग त्या म्हणाल्या, "आता येता येईल गं. पण घरी परतायची घाई असल्याशिवाय काम कसं करतात, तेच मला माहीत नाही."

त्या आल्या नाहीत. दूर निघून आले ती मी. तरी इतक्या वर्षांनी वाटतं, की ज्या जागच्या हलल्याच नाहीत, त्यांचीच अनुपस्थिती काळ माझ्यात संथपणे, न थांबता कोरतो आहे.