आमच्या वाडीचं बेट

वाडीला टँकर पाहिजे म्हणून म्या, सुमनबाईनं, दोन उन्हाळे अर्ज केले. उत्तर एकच: टंचाईच्या यादीत वाडीचं नाव न्हाई. अरे, आमचं नरडं काय यादीला इचारून सुकलं का?

त्यात जिल्हा नवा झाला, अन नव्या हापिसाला लई हुरूप. वरून एक फॉर्म आला: तुमच्या हद्दीत डोंगर किती, लेणी किती, बेटं किती? आमचा ग्यानोबा तलाठी इमानदार माणूस. माझ्या घरामागं वढ्याकाठी वेळूचं बेट हाय, पन्नासेक बांबूंचं. त्यानं ते डोळ्यांनी बघितलं अन लिहून टाकलं: "बेट, एक. वेळू."

वरच्या शहाण्यांना वाटलं, समुद्रात असतंय तसलं बेट, अन त्याचं नाव वेळू. मंजुरी आली! "वेळू बेट, निसर्ग पर्यटन. झाडाचं पान न तोडता, भोवतालच्या पाण्यातील मासे न दुखवता विकास." मासे म्हणं! आमच्या वढ्यातले बेडूकसुदिक गाव सोडून गेल्ते.

मग शेषेराव नावाचे पर्यटनाचे सायब आले. जीपवर होडी बांधलेली. त्यांनी वेळूकडं बघितलं, ग्यानोबाकडं बघितलं, अन मटकन माझ्या बाजेवर बसले.

"हे बेट?"

"हाव," ग्यानोबा म्हणला. "मग बेट आणखी कशाला म्हणतेत सायब?"

शेषेराव रडकुंडीला आले. "नव्या जिल्ह्याची पहिलीच मंजुरी आहे हो बाई. सोमवारी मुंबईचे मोठे साहेब बघायला येतायत. चूक झाली म्हणालो तर माझी बदली कुठं होईल देव जाणे."

माझं डोकं तिथंच चाललं. म्हणलं, "सायब, बेटाभवती पाणी लागतंय ना? मग आणा की. चर आम्ही खांदतो."

रविवारी आम्ही बायांनी वेळूभवती गुडघाभर चर खांदला. काळी माती आणून तळ चांगला चोपून घेतला. शेषेराव म्हणले, "इतकं कशाला?" म्या म्हणलं, "मुंबईचे सायब हायत, बारकाईनं बघतील."

सोमवारी सकाळी टँकर आला. ज्याच्यासाठी दोन उन्हाळे चपला झिजवल्या, तो झाडासाठी दारात उभा! हसू बी आलं अन संताप असा आला की ड्रायव्हरच्या कानाखाली वाजवावी वाटली. पर त्याचा काय दोष? चर भरला. शेषेरावांनी होडी सोडली, ती दोन्हीकडून काठाला टेकली. मग त्यांनी पाटी ठोकली, "पाण्याला हात लावू नये," अन मोठ्या सायबांना आणायला फाट्यावर गेले.

जीप वळणाआड गेली का, माझी जाव तारामती घागर घेऊन हजर. तिच्यामागं अख्खी वाडी. हात कुणी लावला न्हाई. आम्ही घागरी लावल्या.

मोठे सायब आले तवा चरात चिखल, अन चिखलात तिरपी होडी. शेषेरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"पाणी कुठं गेलं?" मोठ्या सायबांनी इचारलं.

चौथीच्या पुस्तकातला एक शब्द जन्मात पहिल्यांदा कामाला आला. म्हणलं, "ओहोटी लागलीय सायब."

ते जवळ आले अन माझ्या घागरीत डोकावले. पाणी गढूळ, वर काडीकचरा.

"हे पिता तुम्ही?"

"मग काय ह्याच्यात होडी चालवून राहिलो?"

शेषेरावांनी डोळे मिटून घेतले. मोठे सायब हसले न्हाईत, चिडले बी न्हाईत. हळूच म्हणले, "आणि भरती कधी येते?"

"तुम्ही टँकर धाडाल तवा."

त्यांनी वहीत कायतरी लिहिलं. तवापासून एक दिवसाआड टँकर येतो. वाडीचं नाव अजून यादीत न्हाई. कागदावर ते पाणी बेटाचं हाय, पितो आम्ही.