धोंड्याच्या महिन्यातलं पार्सल

"जावई लाडाचा, आन् जेवायलाय हॉटेलाचं," नर्मदाबाई म्हणाल्या. "सासूच्या हाताला काय इख लागलंय का गं, मनिषा?"

माझ्या गच्चीवर आम्ही दोघी कुरडया उलटत होतो. नर्मदाबाईंना हळू बोलता येत नाही. त्यांचं कुजबुजणं गल्लीच्या टोकापर्यंत जातं. खाली, शेजारच्या शेट्यांच्या फाटकापाशी, पाठीला चौकोनी पेटी अडकवलेला एक माणूस गाडीवर बसल्या बसल्या दोन पिशव्या पुढे करत होता. त्या घेत होता शेट्यांचा डेन्मार्कचा जावई. अर्धी चड्डी, डोक्याला सासऱ्यांचा, आप्पांचा, पंचा, आणि उन्हानं नाक शेंदरी झालेलं.

"पोटाला मानवत नसंल आपलं तिखट," मी म्हणाले.

"पोटाचं आसतं तर पेज मागितली आसती. ही पनीरची भाजी हाय. मला वास आलाय."

मी कुरडईकडं बघत राहिले. वास मलाही आला होता, आणि कारणही मला माहीत होतं. पण ते नर्मदाबाईंना सांगायचं नव्हतं. ते आम्ही कुणीच कुणाला सांगत नव्हतो.

परभणीत टुरिस्ट येत नाहीत. आले तरी उन्हाळ्यात कोण येणार? येन्स मात्र टुरिस्ट व्हिसावर आला होता. म्हणजे सरकारच्या लेखी तो टुरिस्ट, आणि आमच्या गल्लीच्या लेखी जावई. शेट्यांच्या त्रिवेणीनं तिकडंच नोकरी करता करता त्याच्याशी लग्न केलं, आणि त्यानंतरचा हा पहिला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात लेक-जावयाचा जोडा म्हणजे लक्ष्मीनारायण. त्यांना घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे वाफवून वर तुपाची धार धरून वाढायचे. तिच्या आईनं, गौराकाकूंनी, हे शिमग्यापासून ठरवलं होतं. मला रोज सांगायच्या. रोज, आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

काकूंच्या हाताला काय चव होती, ते मी सांगून कळायचं नाही. विरूपाक्षआप्पांचं भांड्याचं दुकान होतं तेव्हा गुजरी बाजारातले व्यापारी सौदा नसला तरी जेवणाच्या वेळेला दुकानात डोकवायचे. काकू काही मोजत नसत. चिमटीला कळायचं. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा मला नीट भाकरीसुद्धा थापता येत नव्हती. काकूंनी भिंतीवरून बघून बघून मला शिकवलं, तेही सासूला कळू न देता.

आणि आता त्याच काकूंनी जावयाच्या पहिल्या जेवणाच्या वरणात दोनदा मीठ घातलं.

"डोळ्याला कमी दिसायलंय तिच्या," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर थोड्या वेळानं काकूंनी परत ताटं मांडली. "चला, जेवून घ्या, लेकरं उपाशी हायेत," म्हणाल्या. गॅसवर रिकामी कढई तापून काळी पडली होती.

"उन्हाचं हाय," आप्पा म्हणाले. "झोप न्हाई तिला."

"आई थकलीय," त्रिवेणी म्हणाली.

मीही म्हणाले, "जाग्रण, दुसरं काय." कारण मीही तिथंच उभी होते, आणि काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

येन्स काही बोलला नव्हता. खारट वरणाचा अख्खा वाडगा त्यानं संपवला, वर हात जोडून "जेवण छान" म्हणाला, आणि तांब्याभर पाणी प्याला. त्याला येणारं मराठी एवढंच. ते तो इतक्या गंभीरपणे म्हणायचा, की काकूंना खरंच वाटायचं.

त्रिवेणीनं पदर खोचला होता. "आई, तू सरक, मी करते."

"आगं येडे," काकू म्हणाल्या, "धोंड्याला आलेली लेक चुलीला हात लावती का? लक्ष्मी हायेस तू. लक्ष्मीला भांडे घासायला लावू का मी?"

काकूंचा नेम म्हणजे नेम. सून नाही, लेक पाहुणी, आप्पांना चहासुद्धा येत नाही. मग करायचं कुणी?

तर येन्सनं मोबाइल काढला. तिकडं कोपनहेगनमध्ये जसं मागवतात तसं. पण तिकडची युक्ती इकडं चालेना. त्याचं कार्ड ॲपनं घेतलंच नाही. खात्री करायचा आकडा त्याच्या तिकडच्या नंबरवर जायचा, आणि तो नंबर इथं आल्यापासून मुका. शेवटी भर दुपारी तो माझ्या दारात उभा. मी मशीनवर साडीला फॉल लावत होते. माझं इंग्रजी माझ्या मशीनसारखंच आहे, धागा तुटत तुटत चालतं. त्याला माझा नंबर हवा होता, एवढं कळलं. आकडा माझ्या फोनवर आला, तो मी वाचून दाखवला, आणि पैसे दारात द्यायचे ठरले. मग पेटीवाल्याचा फोनही मलाच. "म्याडम, ते गोरं साहेब कोण्या गल्लीत हायेत?"

हिरव्या ठिपक्याचंच मागवायचं, हे त्यानं स्वतःच हेरलं होतं. आप्पांच्या गळ्यात लिंग आहे, त्या घरात काय चालतं आणि काय नाही, ते त्यानं आधीच त्रिवेणीला विचारून ठेवलं होतं.

पण जेवण फाटकाशी आलं, आणि गल्लीनं बघितलं. संध्याकाळी काकू ओट्यावर बसून होत्या. दिवा लावायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत.

"मनिषा, माझ्या हातचं ग्वाड लागंना का गं त्याला?"

"तसं न्हाई, काकू. तिकडच्या लोकायला सवय आसती बाहेरचं खायची."

"मग मला का बगत न्हाई तो? वाडताना ताटाकडंच बगतोय. माझ्याकडं बगंना."

आप्पांनी रात्री जावयाला काही म्हटलं नाही. लेकीला म्हटलं. भिंतीपलीकडं ऐकू आलं, "सत्तर वर्षं या गल्लीत इज्जतीनं राहिलोय आमी. पार्सल खायचं आसंल तर लॉजवर रहा म्हण त्याला."

दुसऱ्या दिवशी येन्स परत माझ्या दारात. या वेळी त्यानं मोबाइल उघडून माझ्यासमोर धरला. पत्त्याच्या जागी त्यानं माझं घर टाकलं होतं. जेवण माझ्याकडं येणार, मी ते माझ्या डब्यात ओतणार, आणि "आमच्याकडं जरा जास्त झालं" म्हणून शेजारी नेऊन देणार. खुणांनी आणि तुटक्या इंग्रजीनं त्यानं हे सगळं समजावलं. मी म्हणाले, हे खोटं आहे. तो म्हणाला, हो.

मग जरा थांबून, तसंच इंग्रजीत म्हणाला, "त्यांना स्वयंपाकघराची भीती वाटते. आत जायच्या आधी दारात थांबतात. तुम्ही बघितलंय?"

बघितलं होतं. दाराच्या चौकटीला हात लावून काकू उभ्या राहायच्या, नदीत पाय घालायच्या आधी माणूस उभा राहतो तशा. मी येन्सला विचारलं, "चहा घेणार?" त्याला कळलं असावं. तो चहा घेऊन गेला.

तसं आमचं सुरू झालं. हॉटेलची खिचडी, वरणभात, कधी दोडक्याची भाजी. मी वरून आमच्याकडची कोथिंबीर पेरायचे, म्हणजे घरचं वाटावं. आप्पा जेवायचे आणि म्हणायचे, "मनिषाच्या हाताला आता चव आली." हॉटेलवाल्याचं कौतुक मी मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काकूंनी जन्मभर ते पाळलं. पहिल्या दिवशी डब्यातून गूळ आला. मग शेंगदाणे. चौथ्या का पाचव्या दिवशी डबा परत आला तो पांढऱ्या पिठानं भरलेला. "पिठीसाखर हाय," काकू म्हणाल्या, "लाडू कर." घरी आणून बोट लावलं. रांगोळी होती.

मी डब्याचं झाकण लावलं आणि तो मशीनखाली सरकवून ठेवला. त्रिवेणीला सांगितलं नाही. तिला माहीत असणार. येन्सलाही नाही. त्याला तर नक्कीच माहीत. पण तोंडानं सांगितलं की गोष्ट खरी होते, अशी काहीशी समजूत आम्ही सगळ्यांनी करून घेतली होती.

धोंड्याचा सोमवार काकूंनीच ठरवला. पालमहून आप्पांची बहीण येणार, गल्लीतल्या बायका येणार. नर्मदाबाईंना तर काकूंनी स्वतः जाऊन सांगितलं. "या बगायला, माझा जावई माझ्या हातचं खातोय का न्हाई ते." त्रिवेणीच्या डोळ्याखाली काळं आलं होतं. ती मला म्हणाली, "मावशी, तुम्ही सकाळी याल ना? असंच. शिकायला म्हणून."

"येते की."

"आईला असं वाटायला नको की…"

"न्हाई वाटणार."

सकाळी गेले. डाळ शिजली होती, चांगली मऊ. कणीक मळली होती, तीही चांगली. हात विसरत नाहीत, डोकं विसरतं, असं मला वाटलं आणि जरा धीर आला. "काकू, मला धोंडे दाखवा की, मला जमत न्हाईत," मी म्हणाले.

"बस," काकू म्हणाल्या.

ओट्यावर त्यांनी घरातले सगळे डबे काढून ठेवले होते. गूळ, साखर, मीठ, हळद, तांदूळ, वेलदोडे, जायफळ, साबण-चुऱ्याची पुडीसुद्धा. प्रत्येक डब्याचं झाकण उघडं. काकू डाळीच्या पातेल्यापुढं पळी धरून उभ्या होत्या, आणि एकेका डब्यावरून नजर फिरवत होत्या. एवढ्या माणसांत आपलं कोण, हे शोधावं तशी.

मी गुळाचा डबा जरासा पुढं सरकवला. काही न बोलता.

काकूंनी माझ्या हाताकडं बघितलं. मग माझ्याकडं. "तू जा बाहेर," म्हणाल्या. "पाहुण्यायला पाणी दे. माझं मी करते."

मी बाहेर आले. कूलर घरघरत होता, पालमची आत्या जावयाला नीट न्याहाळत होती, आणि आप्पा नव्या धोतराच्या निऱ्या पुन्हा पुन्हा सारख्या करत होते. पाटाभोवती रांगोळी त्रिवेणीनं काढली होती. वेळ चालला होता. आतून ना वाफेचा आवाज, ना भांड्याचा.

येन्सनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. किती थोडीशी हलवली! पण त्याला पुरली. तो उठून कोपऱ्यात गेला आणि मोबाइलवर बोटं चालवू लागला. पुरणपोळीच्या थाळ्या, मला नंतर कळलं. धोंडे त्या ॲपला माहीतच नव्हते. आणि घाईत माझ्या घराचा पत्ता निवडायचा राहून गेला. तो जिथं उभा होता तिथलाच पत्ता मोबाइलनं धरला.

म्हणून पेटीवाला माझ्याकडं न येता थेट शेट्यांच्या अंगणात आला. फाटक उघडंच होतं.

"ऑर्डर हाय! पुरणपोळी थाळी! येन्स कोण?"

नर्मदाबाईंनी हनुवटीला हात लावला. "अगं बाई! धोंड्याचं पार्सल! हे नवीनच बगायलोत."

"आमच्या पालमला न्हाई बाई अशी रीत आली अजून," आत्या म्हणाली.

आप्पा उठले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं बघितलं नव्हतं. "कुणी मागवलं? सांगा. माझ्या घरात, आजच्या दिवशी, कुणी मागवलं?"

"आप्पा, चुकून…" त्रिवेणी म्हणाली.

"माझं हाय ते," मी पुढं झाले. "माझी ऑर्डर हाय. पत्ता चुकला मेल्यानं."

"ह्या गोऱ्याचं नाव घेतलं त्यानं! मी बहिरा न्हाई, मनिषा." आप्पा जावयापुढं जाऊन उभे राहिले. "तीन म्हैने तिनं तुमची वाट बगितली, येन्सराव. तीन म्हैने. आन् तिच्या तोंडावर तुमी हॉटेलाचं आणून टाकायलाव?"

येन्सला शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं. तो बाजू मांडू शकला असता. त्रिवेणीकडं बघून दोन वाक्यं इंग्रजीत बोलला असता, तर तिनं आप्पांना सांगितलं असतं. तो बोलला नाही. त्यानं हात जोडले आणि मान खाली घातली, जणू खरंच त्यानं अपमान केला होता. पालमच्या आत्यापासून पेटीवाल्यापर्यंत सगळे त्याच्याकडं बघत होते, आणि तो त्यांना बघू देत होता.

"आवं, त्याला बोलू नका."

काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. कोपरापर्यंत कणीक, कपाळाला घाम, पदर खांद्यावरून घसरलेला. या वेळी चौकटीला हात नव्हता.

"तू आत हो," आप्पा म्हणाले, एकदम हळू. "उन्हाचं हाय. तुला झोप…"

"ऊन न्हाई." काकू सरळ येन्सपाशी आल्या आणि त्याच्या जोडलेल्या हातांवर कणकेचा हात ठेवला. त्याच्याकडं बघून नाही, आप्पांकडं बघून बोलल्या, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. "डाळ शिजलीय. कणीक झालीय. पुढं काय करतेत ते मला ठावं न्हाई. गूळ म्होरं ठेवला मनिषानं, तरी मला कळंना, तो काय कराया ठेवलाय."

नर्मदाबाईंचा हात हनुवटीवरून खाली आला.

"मी इसरायले," काकू म्हणाल्या. "माझं समदं जायलंय. आन् तुमाला समद्यांला ते कवाचं म्हाईत हाय."