नऊ वाजताचं तापमान

चीजचा कारखाना बंद पडला आणि एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर मी घरी बसले. सात महिने अर्ज पाठवत होते. शेवटी एका औषध कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. ही नोकरी हुकली तर घर विकून मिलवॉकीला लेकीच्या तळघरात राहायला जावं लागणार होतं. लेक चांगली आहे, तळघरही कोरडं आहे, पण मला जायचं नव्हतं. माझं घर ते माझं घर.

ब्रिटानं, माझ्या लेकीनं, मुलाखतीला न्यायचा अर्ज हातात घेतला आणि आधी ‘चीज’ हा शब्दच खोडला.

"अगं, मग एकोणीस वर्षं मी काय करत होते म्हणून लिहू?"

"अन्नप्रक्रिया! आई, ते लोक इंजेक्शनं बनवतात. चीज वाचून हसतील तुला."

"हसू देत. टोपी, हातमोजे घालून मीही दिवसभर जंतूंशीच भांडत होते. टाक्या निर्जंतुक कोण करायचं? दर तासाला नोंदी कोण ठेवायचं? ते लिही, आणि ठळक लिही."

तोंड वाकडं करत तिनं लिहिलं. चीजही राहिलं.

मुलाखतीला आम्ही बारा जण होतो. बाकीच्यांकडे भल्या मोठ्या पदव्या. विभागप्रमुख पॅट्रिस ग्रोव्ह यांनी प्रत्येकाला कोपऱ्यातल्या औषधांच्या फ्रीजच्या त्या सकाळच्या तापमान-तक्त्याची एकेक प्रत दिली. "अकराचं तापमान बघून लिहा आणि तक्ता पूर्ण करा," एवढंच सांगितलं.

मी फ्रीजवरचा आकडा वाचून लिहिला. वर पाहते तर नऊची चौकट रिकामी. आठला ४.१, दहाला ४.३. शेजारच्या बाईनं झटकन ४.२ भरलं आणि माझ्याकडे बघून हसली. मी चौकटीशेजारी लिहिलं, ‘नऊची नोंद झालेली नाही. अकराला लक्षात आलं.’ खाली सही, तारीख, वेळ.

ग्रोव्हबाईंनी तक्ता उचलला. "अर्लिस, एक चौकट रिकामीच आहे तुमची."

"हो."

"अहो, ४.२ असणार, शेंबडं पोरही सांगेल. भरून टाका ना."

तळघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. तरी माझा आवाज चढलाच.

"नऊला मी इथे नव्हते, बाई. जे बघितलं नाही ते लिहायचं कसं? अशी एक नोंद राहिली म्हणून मी अख्खी टाकी दूध ओतून द्यायला लावलं होतं. साहेब आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. आणि ते तर चीज होतं. तुमचं औषध आजारी माणसाच्या शिरेत जाणार."

त्यांनी मान हलवली आणि सगळ्यांना बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं मला एकटीला आत बोलावलं. टेबलावर बाराही तक्ते मांडलेले होते.

"अकरा जणांनी मला नऊचं तापमान सांगितलं," त्या म्हणाल्या. "नऊला या फ्रीजचं दार उघडं राहिलं होतं. आत चौदा अंश होतं. मी स्वतः बघितलं, आणि चौकट मुद्दाम रिकामी ठेवली."

मी खुर्चीत बसले.

"सोमवारी सकाळी सहाला येता?"

"येते," मी म्हणाले. "तेवढं लिहून द्या. सही आणि तारखेसकट."