दोन टोप्यांचं एक गाणं

बॉनमध्ये हिरव्या टोप्यांचं घर आणि लाल टोप्यांचं घर एकाच रस्त्यावर, अगदी समोरासमोर. दोन्ही विद्यार्थ्यांची गायक मंडळं, दोन्ही शंभरी उलटलेली, आणि त्यांच्यातला अबोला ऊर्मिलाच्या वयाहून मोठा. भांडण कशावरून झालं म्हणून विचारावं, तर हिरवे म्हणत, लाल बेसूर; लाल म्हणत, हिरवे बेताल. पियानोच्या साथीला मात्र दोघांकडे एकच बाई: मंगळवारी हिरव्यांकडे, गुरुवारी लालांकडे, ऊर्मिला.

ती कुडाळची. तिचे वडील पद्माकरबुवा, त्यांची हयात डबलबारीत गेली. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसणार, एक बुवा गजरातून दुसऱ्याला चिमटा काढणार, दुसरा तो सव्याज परत करणार, आणि बारी संपली की दोघं एकाच किटलीतला चहा पिणार. त्यामुळे हे टोप्यांचं वैर तिला खरं वाटलंच नाही. टोप्या उतरल्या की संपलं, असं ती धरून चालली.

२००५च्या उन्हाळ्यात विद्यापीठाने दोन्ही घरांना कळवलं, मोठं सभागृह एकाच संध्याकाळी मिळेल. एकत्र गा, नाहीतर गाऊ नका.

ती संध्याकाळ ऊर्मिलालाही हवी होती. तिच्या संगीताच्या शिक्षणात एकच शाइन राहिलं होतं, समूहगान चालवल्याचं प्रमाणपत्र. त्यासाठी लोकांसमोर एकदा स्वतः उभं राहून गाणं चालवायचं. एकदा लेकीच्या, ओवीच्या कांजिण्या आडव्या आल्या, एकदा किटाचा, म्हणजे तिच्या पाळणाघराचा संप. आता ऑगस्टपासून नवऱ्याची, मयुरेशची नोकरी दूर इंगोलश्टाटला. म्हणजे हीच शेवटची संधी.

वाट दाखवली ती चार वर्षांच्या ओवीने. प्रत्येक घराचं आपल्या टोपीच्या रंगाचं एक रंगगीत होतं. दुपारी लेकीला थोपटताना ऊर्मिला कधी हे गुणगुणे, कधी ते. एके दिवशी ती लालांचं गात होती आणि अर्धवट झोपेत ओवीने हिरव्यांचं धरलं. दोन्ही एकमेकांत अशी बसली, जसे वेणीचे पेड. ऊर्मिलाचा थोपटणारा हात थांबला.

"आई, वाइटर," ओवी पुटपुटली. पुढे गा.

ऊर्मिलाने ते कागदावर उतरवलं आणि मंगळवारी हिरव्यांच्या टिलमानपुढे ठेवलं. तो घराचा प्रमुख, उंच आणि उगीचच गंभीर.

"म्हणजे लालांच्या खाली आम्ही गायचं?"

"खाली नाही रे, बरोबर."

"पण वरचा सूर कुणाचा?"

"आधी त्यांचा, मग तुमचा. शेवट तुमचा."

"शेवट आमचा," टिलमानने पक्कं करून घेतलं. गुरुवारी लालांच्या कोनराडला तिने सांगितलं, "सुरुवात तुमची." तोही खूश. यात खोटं काहीच नव्हतं.

पहिल्या तालमीला दोन घरं पियानोच्या दोन बाजूंना, मधे भिंत असल्यासारखी उभी.

"लालांना श्वास पुरत नाही," मागून एक हिरवा म्हणाला.

"तुमचं ऐकताना रोखून धरतो ना, म्हणून!"

ऊर्मिला हसली. हे तिच्या ओळखीचं होतं. तिने त्यांना मिसळून उभं केलं, एक हिरवा, एक लाल. पहिल्यांदा आपलं सोडून शेजाऱ्याचं गायला लावलं. तिसऱ्या आठवड्यात टिलमान कोनराडची पेन्सिल न विचारता घेऊ लागला. तालीम संपली की सगळे एकत्र बिअर प्यायला जात. "चल ना!" म्हणत. पण किटा पाचला बंद होई. ऊर्मिला ट्राममागे धावे. जमतंय, बाबांच्या किटलीसारखंच जमतंय, असं तिला धावतानाही वाटे.

कार्यक्रमाला आठ दिवस असताना टिलमान आणि कोनराड तिच्याकडे आले. एकत्र. हातात फुलं.

"तू हे घडवून आणलंस," टिलमान म्हणाला. "पण आल्झो, म्हणजे असं की, एक अडचण आहे. रंगगीत चालवणाऱ्याच्या छातीवर रंगांचा पट्टा लागतो. आमच्याकडे तशी प्रथा आहे."

"आमच्याकडेही," कोनराड म्हणाला.

"मग कोण चालवणार?"

"आम्ही दोघं. शेजारीशेजारी उभे राहून."

"मला द्या ना पट्टा. कुठलाही. एका गाण्यापुरता."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, जुन्या मित्रांनी पाहावं तसं.

"पट्टा पुरुषांनाच मिळतो, ऊर्मिला. त्यावर दोन्ही घरांचं एकमत आहे."

"इतक्या वर्षांतलं पहिलंच असेल."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" कोनराड मोकळेपणी हसला. तिचा टोमणा त्याला कौतुकच वाटला.

"आणि माझं शाइन?"

"आम्ही पत्र देऊ. तालमी उत्तम घेतल्या म्हणून."

प्रोफेसरबाईंनी ते पत्र वाचलं, घडी घातली. "लोकांसमोर तू उभी राहणार आहेस का?"

"नाही."

"मग मी सही कशावर करू?"

घरी मयुरेश उसळला. "कागद मागून घे परत! बसू देत बोंबलत."

"कागद कशाला लागतात आता त्यांना? सगळ्यांना पाठ झालंय. मीच करून घेतलंय."

"मग जाऊच नकोस."

"ओवीला सांगून ठेवलंय रे, आपलं गाणं ऐकायला जायचं म्हणून."

सभागृहात तिसऱ्या रांगेत त्यांना जागा मिळाली. छापील पत्रिकेत शेवटच्या ओळीत ऊर्मिलाचे आभार होते. रंगगीत सुरू होताना सगळे उठले. पाहुण्यांनी उभं राहायचं, गायचं मात्र फक्त त्या घरच्यांनी, हीही प्रथाच. टिलमान आणि कोनराड यांचे हात एकदमच वर गेले. लालांची सुरुवात झाली, खालून हिरवे आले, पेड एकमेकांत गुंफत गेले. सुरेख गायले मेले. बाबा असते तर मांडीवर थाप मारली असती त्यांनी.

आणि कडेवरच्या ओवीने सूर धरला. मोठ्याने, बिनचूक, हिरव्यांचा.

पुढच्या रांगेतला पिकल्या केसांचा लाल टोपीवाला वळला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. शेजारचा हिरव्या टोपीवालाही वळला. त्यानेही बोट ठेवलं.

"माम्मा, दास इस्ट डॉख उन्झर लीड!" ओवी म्हणाली. आपलंच तर गाणं आहे हे. आणि पुन्हा गाऊ लागली.

ऊर्मिलाने हात उचलला आणि लेकीच्या तोंडावर ठेवला. हलकाच, तिला लागू नये असा. ओवीने डोळे मोठे करून आईकडे पाहिलं, पण थांबली नाही. तळव्याखाली ते गाणं गरम गरम घुमत राहिलं, आणि ऊर्मिलाने हात आणखी घट्ट दाबला.